निझव्यात ऐकलेला शब्द

अरबांच्या मुलखात मी आयुष्यात एकदाच गेले, आणि तेसुद्धा टूरिस्ट म्हणून. तेव्हा मी जर्सी सिटीत मुलाकडे राहायचे, अठराव्या मजल्यावर. नदीपलीकडचे ते दोन टॉवर पडून तीन वर्षं झाली होती. पुण्याला जाताना वाटेत दुबई आणि ओमान बघू, असं मुलाने ठरवलं, तेव्हा ऑफिसातले लोक त्याला म्हणाले, वेडा आहेस का? तोही जरा धास्तावलाच. मला बजावून ठेवलं, “आई, परत येताना इमिग्रेशनवाल्याने विचारलं तर फक्त टूरिझम म्हण. तुझं पुराण लावू नकोस.”

पुराण माझ्या पर्समध्ये होतं. धाकट्या भावाचं शेवटचं पाकीट आणि त्याचा एक फोटो. तो चिपळूणहून ओमानला पंप दुरुस्तीच्या कामावर गेला. चार वर्षं पत्रं आली, मग बंद. आम्ही पाठवलेली परत आली. कुठे कुठे अर्ज केले, कुणाचं उत्तर नाही. अकरा वर्षं झाली होती. भावजय कुंकू लावून वाट बघत होती. पाकिटावर मागे वर्कशॉपचा शिक्का होता, गाव निझवा.

मी मुलाला एवढंच म्हटलं, निझव्याचा किल्ला बघायचाय.

“तुला किल्ल्यांत कधीपासून इंटरेस्ट?” सून हसली. “शिवनेरीला तर पायरीवरच बसून राहिलात.”

दुबईतलं मला काही आठवत नाही, खरं सांगते. काचा आणि थंडी. निझव्याला शुक्रवारी सकाळी पोचलो. बकऱ्यांचा बाजार भरला होता. पांढरे अंगरखे घातलेली माणसं बकऱ्या घेऊन गोल गोल फिरत होती, आणि मी प्रत्येक कामकरी माणसाच्या तोंडाकडे बघत होते. एकाची मान मागून अगदी त्याचीच. दोन पावलं धावले. वळला तर मिसरूडही न फुटलेला पोरगा. अकरा वर्षांत आपलाही म्हातारा झाला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं बघा.

मुलगा आणि सून किल्ल्यावर चढले. मी म्हटलं, माझे गुडघे, तुम्ही जा. आणि पाकीट हातात धरून विचारत विचारत वर्कशॉप गाठलं. शुक्रवार, त्यामुळे बंद. शेजारी एक म्हातारा खजुरांच्या टोपल्या घेऊन बसला होता. हिंदी येईना, इंग्रजी येईना. मी फोटो पुढे केला.

त्याने ओळखला! चेहराच उजळला त्याचा. छातीवर हात ठेवून कितीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. मी हातानेच विचारलं, कुठे? तेव्हा त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले आणि म्हणाला, “खलास.” मग हात उचलून वर दाखवलं.

आता सांगा, आपल्या माणसाने याचा अर्थ काय घ्यायचा? आपल्याकडे माणूस खलास झाला म्हणजे काय? आणि हात वर केला म्हणजे काय? मी पुढे काही विचारलंच नाही. त्याने माझ्या ओंजळीत खजूर घातले, ते तसेच धरून गाडीत येऊन बसले.

मस्कतच्या हॉटेलात डोक्यावरून अंघोळ केली. उशिरा कळलेल्या मरणाला तेवढंच करायचं असतं. सून म्हणाली, “आई, सकाळी झाली होती ना अंघोळ?” म्हटलं, धूळ फार उडाली ग.

पुण्याहून चिपळूणला गेले आणि भावजयीला सांगितलं. ती सगळं ऐकून आत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळ कोरं होतं. मी तिला थांबवलं नाही.

आणि परत येताना नेवार्कला इमिग्रेशनवाल्याने विचारलं, का गेला होतात? मी म्हटलं, टूरिझम.

पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या बिल्डिंगखाली एक इजिप्तची बाई शिवणकाम करायची. नातवाच्या पँटी आखूड करायला मी तिच्याकडे जायचे. एकदा तिने दोरा तोडला, हात झटकले आणि हसून म्हणाली, “खलास!”

“कोण?” मी विचारलं.

“नोबडी, मॅडम. वर्क फिनिश. माय ब्रदर जॉब खलास, गो होम. माय सन स्कूल फिनिश, खलास. एव्हरीथिंग खलास!”

मी पँट तिथेच टाकून वर आले. काम संपलं, आणि इथून गेला. एवढंच म्हणत असेल तो म्हातारा. आणि हात? निझव्याला वर म्हणजे डोंगरच आहेत, डोंगराकडे जाणारा रस्ता आहे. मी मात्र तेव्हा आकाशच बघितलं.

दुसऱ्या दिवशी चिपळूणला फोन लावला. कसं सांगायचं ते घोकून ठेवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. “वन्सं, एक सांगू? तुम्ही येऊन गेल्यापासून मला झोप लागते. इतकी वर्षं फाटक वाजलं की उठून बसायचे. कुत्रं आलं तरी. आता नाही उठत.”

मी आमसुलं झाली का विचारलं, आणि फोन ठेवला.

नंतर तीन वर्षं मीच उठून बसत होते. अठराव्या मजल्यावर कुठलं आलंय फाटक? पण लिफ्टचं दार उघडलं की कान तिकडे. चिपळूणला फोन करायचे तेव्हा दर वेळी शब्द ओठांवर यायचा आणि दर वेळी गिळायचे. भावजय गेली तेव्हा तिच्या मुलीचा, माझ्या भाचीचा फोन आला. आम्ही नाश्ता करत होतो.

“आत्या, आईला साडी कोणती नेसवू? इथल्या बायका पांढरी काढ म्हणतायत.”

“हिरवी नेसव,” मी म्हटलं. “आणि कुंकू लाव.”

ती अगदी हळू म्हणाली, “आत्या, बाबा आहेत?”

“मला माहीत नाही ग. तेव्हाही माहीत नव्हतं.”

तिने फोन ठेवला नाही, मीही नाही. मागून बायका तिला हाका मारत होत्या, उशीर होतोय म्हणून. तिने कोणती नेसवली, ते मी तिला विचारलेलं नाही.