पालक उदासीन

बी.एड.च्या त्या वर्षी मी नेमानं आत्मपरीक्षण करत होतो. पाठ द्यायच्या आदल्या दिवशी.

तशी रीतच पडून गेली होती. सराव पाठाचं टाचण वहीत लिहायचं आणि त्याच्या शेवटी 'आत्मपरीक्षण' नावाचा रकाना असायचा. तो पाठ झाल्यावर भरायचा, असं आमचे मार्गदर्शक सर सांगत. पण पाठ संपला की ते वही तिथल्या तिथे मागत, मग भरायचा कधी? म्हणून आम्ही सगळेच तो आधी भरून ठेवत असू. 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम. वेळेचे नियोजन अधिक काटेकोर हवे.' एखादा दोष कबूल करावाच लागे, आणि वेळेचा दोष दिसायला सभ्य. त्यातून माणसाच्या स्वभावाविषयी काही कळत नाही.

मला सरावासाठी मिळाली ती उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतली शाळा, सहावीचा वर्ग. कोराडीचं वीजघर सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि त्या दिवशीचा पाठ होता वीज कशी तयार होते याचा. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेनं चक्र फिरतं, दिवा लागतो. मी रंगीत खडूंनी मोठी आकृती काढली होती. मागच्या बाकावर सर बसले होते. पाठ उत्तम चालला होता, म्हणजे मी टाचणात लिहिलेलीच उत्तरं मुलं देत होती.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"सर, मंग राख कुठी जाते?"

टाचणात राख नव्हती. आठ मिनिटं उरली होती आणि मूल्यमापनाचे प्रश्न व्हायचे होते. पाठात प्रमाण भाषाच बोलायची असा दंडक होता, पण मला गंमत सुचली ती घरच्या भाषेत.

"तुले काहून पाहिजे राख? भांडे घासाले?"

वर्ग हसला. माझ्या अपेक्षेपेक्षा जरा जास्तच हसला. ती खाली बसली. पाठ वेळेत संपला. सरांनी वही मागायच्या आत मी आत्मपरीक्षणात घाईघाईनं एक वाक्य वाढवलं, 'विनोदाचा योग्य वापर.' वर्षभरात पाठानंतर लिहिलेलं माझं ते पहिलंच वाक्य.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. हे माझ्या ध्यानात आलं नाही. तीन आठवड्यांनी पालकभेटीचा अहवाल द्यायची वेळ आली. गैरहजर राहणाऱ्या पाच मुलांच्या घरी जायचं, पालकांशी बोलायचं आणि लिहायचं, असं ते काम. मी हजेरीपटावरून पाच नावं उतरवली आणि कँटीनमध्ये बसून पाचही भेटी उरकल्या. तिच्या पानावर लिहिलं, 'पालक अशिक्षित व शिक्षणाविषयी उदासीन. मुलीस घरकामास जुंपले आहे.' न पाहिलेल्या घराविषयी भाषा किती झरझर चालते, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

सर नेमके त्याच पानावर थांबले.

"उदासीन पालकांशी तुम्ही कसं बोलता ते मला बघायचंय. उद्या शनिवार आहे. शाळा सुटली की जाऊ तिच्या घरी."

खोटा अहवाल म्हणजे वर्ष गेलं. घरी मी पास होणार हे गृहीत धरून माझ्या नोकरीसाठी शब्दसुद्धा टाकून झाला होता. त्याच संध्याकाळी सायकल काढली आणि विचारत विचारत तिची गल्ली गाठली. वाटेत वाक्य तयार केलं. उद्या सर येतील, मी मागे एकदा येऊन गेलो होतो असं तेवढं सांगा.

छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेल्या कुटुंबांची ती गल्ली. तिचे वडील नुकतेच कोराडीच्या बसमधून उतरून हातपाय धूत होते. कोपरापर्यंतचा राखाडी रंग काही धुऊन जात नव्हता. मास्तर आलेले पाहून ते गडबडले, खाट झटकली.

"या ना सर, बसा. मी कोराडीले राखेवरच कामाले आहो. पोरगी रोज पुस्तक वाचून दाखवते मले, पाठ व्हाच्या आधीच. थे म्हने, बाबा, यात राखेचं काहून नाई? मी म्हटलं, सरले विचार."

तेवढ्यात आई आली. धंतोलीतल्या दोन डॉक्टरांच्या घरची भांडी घासून ती येत होती. मी कोण हे कळल्यावर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चहाचं आधण ठेवलं. रागावली नाही.

वर्ग जास्त का हसला होता ते मला तेव्हा कळलं. तिची आई भांडी घासते हे सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी आतल्या दाराआड उभी होती. तिची फक्त पावलं दिसत होती.

तयार केलेलं वाक्य तोंडातून निघेना. दुसरंही निघेना. शेवटी मी विचारलं, "मग राख जाते कुठे?" त्यांनी नीट सांगितलं. पाण्यात कालवतात, पाइपातून तळ्यात सोडतात, उन्हाळ्यात वाळली की उडते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. मी चहा प्यालो आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सर त्याच खाटेवर बसले. "हे याआधी आले होते का तुमच्याकडे?"

"आले होते न सर, येऊन गेले. पोरीची माफी मागाले." वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तोंडातून नाई निघाली त्याइच्या. पण आले थ्याच्यासाठीच. समजते न मानसाले."

सरांनी अहवालाची वही मिटली. मी सुटलो होतो. गप्प राहिलो असतो तर वर्षही वाचलं असतं. पण त्या माणसानं माझ्या नावावर टाकलेला चांगुलपणा मला बसल्या जागी सोसवेना.

"माफी मागायला नव्हतो आलो, सर. खोटं बोला असं सांगायला आलो होतो. पाचही भेटी खोट्या आहेत." मग आतल्या दाराकडे वळलो, त्याच्याआड आजही तिची पावलं दिसत होती. "माझं चुकलं, बाई. त्या दिवशी मी असं बोलायला नको होतं."

ती बाहेर आली.

"हे वर्गात म्हनसान का?"

सरांनी मला नापास केलं नाही. अहवाल फाडला आणि पाचही घरी पायी पाठवलं. ते सोपं होतं. अवघड होता तो सोमवार. टेबलाची कड धरून, सगळ्या वर्गासमोर, टाचणाशिवाय, मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. कुणी हसलं नाही. मला पुढं काय करावं ते सुचेना, तसाच उभा राहिलो.

दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "सर, हजेरी घ्या न. मी आली आहो."