बाबांच्या उत्तरांना मिळालेली मतं

ऑफिसात तिला सगळे शंकासूर म्हणायचे आणि मनातून तिला त्या नावाचा अभिमान होता. लोक प्रश्न विचारतात, उत्तरं देतात, पटलेल्या उत्तराला मत देतात, अशा एका ऑनलाइन फोरमवर ती टेस्टर होती. मत काढून घेतलं तर आकडा उतरतो का, एकच माणूस दोनदा मत देऊ शकतो का, असल्या शंका काढून प्रोग्रामर मंडळींच्या डोक्याला ताप द्यायचा, हे तिचं काम. त्यासाठी खोट्या सदस्यांची अख्खी पलटणच तिने पाळली होती. नियम एकच होता, ही पलटण फक्त टेस्टिंगच्या पोस्टवर सोडायची.

तो नियम तिने वडिलांसाठी मोडला. जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस, आई गेल्यापासून घरात नुसता बसून असायचा. तिनेच त्यांना फोरमची गोडी लावली. कुणी गळक्या नळाबद्दल विचारलं की बाबा एका बोटाने टाइप करत लांबलचक उत्तर लिहायचे, अगदी ‘मुख्य कॉक आधी बंद करा’ इथपासून. खाली मतं शून्य. ‘कुणी वाचतं का गं ते?’ असं त्यांनी जेवताना विचारलं की तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

शेवटी तिने पलटण बाबांच्या उत्तरांवर सोडली. बाबा रोज दाढी करायला लागले. सकाळी उठले की आधी मतं, मग चहा. ‘बघ, आणखी दोघांना पटलं!’ त्या दोघांची नावं तिनेच एका कंटाळवाण्या दुपारी ठेवली होती.

मग साहेबांनी फर्मान काढलं. एकाच कॉम्प्युटरवरून आलेली मतं पकडणारी चाळणी बसवायची, आणि तपासायची शंकासुरानेच. आली का पंचाईत! तिने चाळणी उलटीपालटी करून पाहिली. नवी खोटी मतं एकूण एक पकडली गेली. जुन्या मतांवर मात्र तिने ती चालवलीच नाही. उत्तराची भीती वाटली, दुसरं काय? आपली मतं आधीच काढून घ्यावीत, तर बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा.

‘सगळं बघितलंस ना?’ साहेबांनी विचारलं.

‘सगळं,’ ती म्हणाली. तिच्या शब्दावर पुन्हा कुणी तपासत नसे.

चाळणी सुरू झाली ती जुन्या मतांपासूनच.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा लॅपटॉपसमोर होते. चहा तसाच. पडद्यावर लाल पट्टी होती, ‘खोटी मतं गोळा केल्याबद्दल सदस्यत्व रद्द.’ उत्तरंही सगळी गायब. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

‘मी कुणाला मतं द्या म्हणून सांगायला गेलो नव्हतो गं.’

‘चूक झालीय, बाबा. मशीनच ते.’

‘छे! तूच तपासलंस ना हे? मग चूक कशी असेल?’ त्यांनी चष्मा काढून ठेवला. ‘म्हणजे खोटीच होती ती मतं.’

खरं ते तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगून मतं परत येणार नव्हती, आणि लेकीवरचा विश्वास तेवढा गेला असता.

‘त्यातलं एखादं तरी खरं असेल का गं?’

चाळणी फिरल्यावर ते तिने दुपारीच ऑफिसात तपासलं होतं. एकही नव्हतं.

‘असेल ना, बाबा.’

‘असेल?’ बाबा म्हणाले आणि तिच्याकडे बघत राहिले. कामाच्या बाबतीत हा शब्द तिच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी लॅपटॉप मिटला, गार चहा बेसिनमध्ये ओतला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.