टोर्किल्डचा नवा ॲम्प्लिफायर

टोर्किल्ड ब्रान्स्ट्रुप माझा शेजारी. हॉर्सेन्स शहरात त्याने चौतीस वर्षं बस चालवली. हिवाळा असो वा उन्हाळा, बसमधल्या हीटरचा वास सोसत नाही म्हणून त्याच्या बाजूची खिडकी (आमच्याकडे चालक डावीकडे बसतो) कायम उघडी. मागचे प्रवासी कुडकुडत, तक्रारी करत. हा शीळ घालत गाडी हाकायचा. निवृत्त झाला त्या दिवशी डेपोने केक कापला, आणि दुसऱ्या दिवसापासून टोर्किल्ड संगीत ऐकायला बसला तो आजतागायत बसलेलाच आहे.

त्याचे स्पीकर त्याने स्वतः बनवलेले. दोन हिवाळे गॅरेजमध्ये खपून, पेट्यांच्या भिंतींत वाळू भरून उभे केलेले. एकेक बासष्ट किलोचा. घरात पहिल्यांदा आलेला माणूस त्यांना कपाट समजून दार शोधतो. रेकॉर्ड प्लेयर जुना पण ठणठणीत, आणि आवाज कमी-जास्त करण्याचं प्री-ॲम्प नावाचं जे यंत्र, त्यावर फक्त एकच बटण. टोर्किल्डच्या मते बटणं जितकी कमी तितका आवाज शुद्ध. ह्या सगळ्याच्या मागे, स्पीकरना ताकद पुरवणारा सव्वीस वर्षांचा पॉवर ॲम्प्लिफायर.

मागच्या सप्टेंबरात तो कुंपणाशी आला, चेहरा पाडून.

"गेला," म्हणाला.

"कोण गेला?" मी विचारलं.

"ॲम्प्लिफायर. डावी बाजू बसलीय त्याची. गायिका मधोमध उभी असायची, ती आता उजवीकडे सरकलीय. परवापर्यंत खुर्चीच्या समोर होती, आज खिडकीपाशी पोचलीय."

दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, वायरींची अदलाबदल करून बघ आधी. पण टोर्किल्डला मनातून नवा ॲम्प्लिफायर हवाच होता, हे मला ठाऊक होतं. हवं असलेलं निदान मिळालं की माणूस पुढची तपासणी करत नाही.

दुकानदार आस्गर आमच्याच श्रवण मंडळातला. दर गुरुवारी वाचनालयाच्या तळघरात आम्ही नऊ जण जमतो, एकच रेकॉर्ड तीन वेळा ऐकतो आणि भांडतो. आस्गरने सांगितलं, "आधी घरी नेऊन वाजव. तुझे स्पीकर फार खादाड आहेत. भलताच ॲम्प्लिफायर जोडलास तर त्याचा घाम निघेल."

पहिला आला तो चपटा, काळा, नव्या जमान्याचा. ताकद भरपूर. पण टोर्किल्डच्या जुन्या प्री-ॲम्पशी त्याचं जमेना. बटण केसभर फिरवलं की कपाटातल्या बशा वाजायच्या, आणि त्याहून कमी करायला जागाच नव्हती. शांत वेळी स्पीकरमधून सूं-सूं असा आवाज. गुड्रुन, त्याची बायको, स्वयंपाकघरातून ओरडली, "टोर्किल्ड, किटली उतरव!"

"किटली नाहीये, नवा ॲम्प्लिफायर आहे!"

"मग तोच उतरव!"

उतरवला. तसंही डावीकडून आवाज कमीच येत होता, असं टोर्किल्ड म्हणाला.

दुसरा काचेच्या नळ्यांचा, नारिंगी उजेड टाकणारा. वाजायला लागला आणि आम्ही दोघांनी डोळे मिटले. गायिकेचा आवाज असा की ती श्वास घेते तेसुद्धा गोड वाटावं. मग टोर्किल्डने चर्चमधल्या ऑर्गनची रेकॉर्ड लावली. त्या खादाड स्पीकरना खालचे स्वर हलवता हलवता बिचाऱ्याची दमछाक झाली. ऑर्गन पाण्याखाली बुडवल्यासारखा वाजू लागला.

"ह्याला माझे स्पीकर झेपत नाहीत," टोर्किल्ड दुःखाने म्हणाला. "आणि हिची डावी बाजू पण कमीच आहे."

"कोणाची?"

"गायिकेची. अजून खिडकीपाशीच उभी आहे."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. दोन वेगळे ॲम्प्लिफायर, दोघांची डावी बाजूच कशी बसेल? पण समोर गुड्रुनने कॉफी आणि दालचिनीचे पाव आणून ठेवले होते, आणि शंका मागे पडली.

तिसरा आणायला चार माणसं लागली. बावन्न किलो. दारातून आत घेताना आस्गरची पाठ धरली आणि तो तसाच वाकलेला तीन दिवस दुकानात उभा होता. हा ॲम्प्लिफायर टोर्किल्डच्या स्पीकरना शोभेल असा होता. प्री-ॲम्पशी सूत जुळलं, बटण छान अर्ध्यापर्यंत फिरत होतं, सूं-सूं नाही, आणि ऑर्गनच्या खालच्या स्वराला माझ्या पँटची शिवण थरथरली. तापायचा मात्र असा की गुड्रुनने ओले हातमोजे त्याच्यावर वाळत घातले. टोर्किल्डने ते दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर उचलावा तसे उचलले.

"मग झालं ना?" मी विचारलं. "हाच घे."

टोर्किल्ड खुर्चीत बसून होता. त्या खोलीत खुर्ची एकच, बरोबर दोन स्पीकरच्या मधोमध, पायांखाली फरशीवर खडूच्या खुणा. त्याने मान हलवली.

"डावीकडून कमी येतंय."

आता मात्र माझा संयम सुटला. "आण इकडे त्या वायरी," म्हणालो. आम्ही डावी वायर उजवीकडे लावली, उजवी डावीकडे. डावीकडून कमीच. प्लेयरपासूनच्या तारा बदलल्या. कमीच. मग आम्ही, एक एकाहत्तर आणि एक अडुसष्ट वर्षांचा, दोघांनी मिळून डावा स्पीकर उजवीकडे नेला आणि उजवा डावीकडे. ह्यात दीड तास, एक फुलदाणी आणि माझ्या अंगठ्याचं नख गेलं. टोर्किल्ड धापा टाकत खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि म्हणाला,

"डावीकडून कमी येतंय."

"भिंत असेल," मी म्हणालो. मला घरी जायचं होतं.

गुड्रुन दारात उभी होती. हातात विणकाम. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"सगळं फिरवून झालं?" तिने विचारलं.

"सगळं," टोर्किल्ड म्हणाला.

"मग आता तू फिर."

"म्हणजे?"

"खुर्ची उलटी कर. स्पीकरकडे पाठ करून बस."

"पाठ करून कोणी ऐकतं का?"

"बस तर खरा."

त्याने खुर्ची उचलली, खडूच्या खुणांवर नीट उलटी ठेवली आणि आमच्याकडे तोंड करून बसला. मी तीच रेकॉर्ड लावली. मी त्याचा चेहरा बघत होतो. आधी तो शांत होता. मग त्याची भुवई उंचावली. मग त्याने हळूच डाव्या कानावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"गायिका कुठे आहे?" गुड्रुनने विचारलं.

टोर्किल्डने मान वळवून मागे बघितलं.

"पुस्तकांच्या कपाटापाशी," तो अखेर म्हणाला. खिडकी एका टोकाला होती आणि पुस्तकांचं कपाट बरोबर दुसऱ्या.

रेकॉर्ड संपेपर्यंत आम्ही तिघंही तसेच राहिलो. मला हसू येत होतं, पण त्याच्याकडे बघून ते दाबलं. ज्या माणसाने आयुष्यभर यंत्रांचे कान धरले, त्याला स्वतःचा कान असा सापडावा, हे काही सोपं नाही.

पुढच्या आठवड्यात कान तपासणाऱ्या बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. उजवा कान वयाच्या मानाने उत्तम. डाव्याची रेघ मध्यावरून जी घसरते ती थेट खाली. चौतीस वर्षांच्या उघड्या खिडकीचा वारा आणि मालट्रकांचे आवाज, असं त्यांचं मत. त्यांनी कानात बसवायचं छोटंसं यंत्र पुढे केलं.

"दोन ग्रॅमचा ॲम्प्लिफायर!" टोर्किल्ड घरी येऊन मला सांगत होता, संतापलेला. "मी विचारलं, ह्याला कोणते स्पीकर चालतात, आवाज किती शुद्ध आहे, आकडे दाखवा. तर म्हणाल्या, तीन रंगांत मिळतो."

घेतला मात्र. जेवणाच्या टेबलासाठी घेतला. कारण तिथे गुड्रुन तीस वर्षं त्याच्या डाव्या हाताला बसत आली होती.

"मला वाटायचं तू मुद्दाम ऐकत नाहीस," ती त्याला म्हणाली.

"कधी कधी मुद्दामच," तो म्हणाला. इतका प्रामाणिक माणूस आहे. त्या दिवशी त्याला राय धान्याच्या काळ्या पावावर बीट मिळालं नाही, नुसता हेरिंग मासा.

पण संगीताला तो दोन ग्रॅमचा चालेना. ऑर्गन त्यातून डबा वाजवल्यासारखा येतो म्हणे. मग आस्गरने, पाठ सरळ झाल्यावर, एक तोड काढली. डाव्या स्पीकरला एक आणि उजव्याला एक, असे दोन सुटे ॲम्प्लिफायर. ताकदीला ते बावन्न किलोवाल्याच्या तोडीचे, प्री-ॲम्पशी जुळणारे, आणि प्रत्येकाच्या पाठीमागे आवाजाची पातळी ठरवणारा एक लहानसा स्क्रू.

"मंडळातले लोक म्हणतील स्क्रूला हात लावणं पाप आहे," आस्गर म्हणाला.

"मंडळातल्या लोकांचे कान मी बघितलेत," टोर्किल्ड म्हणाला. "माणूससुद्धा जोडणीचाच भाग आहे. त्याच्याशी पण जुळायला नको?"

एका रविवारी दुपारी त्याने डावीकडचा स्क्रू थोडा थोडा चढवत नेला, आणि मी शपथेवर सांगतो, एका क्षणी त्याचे खांदे खाली आले. गायिका परत मधोमध येऊन उभी राहिली असणार. मला मात्र ती आता डावीकडे, पुस्तकांच्या कपाटाच्या बाजूला ऐकू येत होती. गुड्रुन आत आली, दोन पावलं उजवीकडे गेली, थांबली, अर्धं पाऊल मागे आली.

"इथून मला बरोबर लागतंय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आली. बावीस वर्षांत त्या खोलीत दुसरं आसन पहिल्यांदाच आलं. टोर्किल्डने ते हलवून बघितलं, नीट बसतंय ना ह्याची खात्री केली, आणि खिशातून खडू काढला.

पुढच्या गुरुवारी त्याने मंडळात सगळी हकीकत सांगितली, काहीही न लपवता. खुर्ची कशी उलटी केली तेसुद्धा. आस्गर सोडून आम्हा सगळ्यांची साठी उलटलेली. कोणी हसलं नाही. कोणी केकला हात लावला नाही. हेन्निंग नावाचा आमचा एक दंतवैद्य आहे, त्याने चाळीस वर्षं ड्रिल उजव्या हातात धरलेलं. तो उजवा कान खाजवत बसला होता. त्या दिवशी सभा नेहमीपेक्षा तासभर आधी संपली. प्रत्येकाला घरी काहीतरी काम निघालं.

मीही गेलो. माझ्या स्पीकरपुढची खुर्ची उलटी करताना बायकोने पाहिलं आणि विचारलं, काय चाललंय? खालची धूळ काढतोय म्हणालो.

त्याच्या पुढच्या गुरुवारी नऊच्या नऊ जण वेळेवर हजर होते. कोणीही कोणाला काही विचारलं नाही.