फुटलेली आगळाची बाटली
कोकमाच्या आगळाचा आंबट वास आला की मला मामाचं मुलुंडचं स्वयंपाकघर आठवतं. वडील मारायचे म्हणून आई मला घेऊन तिथे राहायला आली होती. मी पाच-सहा वर्षांची असेन. एका दुपारी गावाहून आलेली आगळाची बाटली माझ्या हातून निसटून फुटली आणि पांढऱ्या लाद्यांवर लालभडक ओघळ पसरले. मी भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि थांबले. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. आता मार बसणार, एवढंच माहीत होतं. मामाचा आवाज फार मोठा. "काय फुटला गो?" करत तो दारात आला आणि मला बघून तिथेच थांबला. मग लांबच खाली बसला आणि हळू म्हणाला, "भिया नको. आगळ काय, परत येतला. तुझ्या पायाक लागला नाय मां?" मी वळेपर्यंत तो तसाच बसून राहिला. वळल्यावरही हात खाली घ्यायला मला बराच वेळ लागला. आज माझ्या लेकीच्या हातून ताट पडलं तरी त्या आवाजाने माझे हात आपसूक डोक्याकडे जातात. ती मात्र "आई, पडलं गं!" म्हणत माझ्याकडेच पळत येते.