बाबा अजून हो म्हणतात

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना बाबांनी उभा केला. ट्रकच्या बॉडीला लागणारा पत्रा आम्ही कापतो, वाकवतो. धंद्यात जम बसला तसा बाबांचा हात सैल झाला. कुणाच्या मुलीची फी, कुठल्या शाळेला बाकं. दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने गेला नाही.

मग बाबांना विसर पडू लागला. कारखाना मी बघू लागले, तोवर कामही निम्म्यावर आलं होतं. पण सकाळी माणसं यायचीच, आणि बाबा प्रत्येकाला हो म्हणायचे. दुपारपर्यंत त्यांच्या ते लक्षातही नसायचं. शेवटी मीच फाटकाशी उभी राहू लागले. तब्येत बरी नाही, एवढंच सांगून लोकांना परत पाठवायचे. खरं बाहेर कळलं तर आहेत ती कामंही जातील, ही भीती होती.

गेल्या हिवाळ्यात तिलवाऱ्याच्या घाटापलीकडच्या एका शाळेच्या मोठ्या बाई आल्या. मुलींसाठी दोन खोल्या बांधून देतो, असं बाबा त्यांना म्हणाले होते. त्या भरवशावर शाळेने जुनी खोली पाडली होती आणि मुली व्हरांड्यात बसत होत्या. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बाईंना आत बसवून मी पहिल्यांदा परक्या माणसाला बाबांच्या आजाराबद्दल सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "आजार सुरू झाला तेव्हाच कळवायचं होतं ना, दीदी. खोली पडकी होती, पण डोक्यावर छप्पर तर होतं."

तेवढ्यात बाबा आले. बाईंना नमस्कार करून माझ्याकडे वळले.

"तू कोणत्या शाळेतून आलीस, बेटी? बोल, काय पाहिजे? लाजून काहून राहिली?"

त्यांनी मला ओळखलं नाही, असं याआधी कधी झालं नव्हतं. बाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"छप्पर पाहिजे," मी म्हटलं.

"अच्छा. होऊन जाईल," बाबा म्हणाले आणि समाधानाने खुर्चीत बसले.

खोल्या काही झाल्या नाहीत. आमच्या वेल्डरनी उरलेल्या पत्र्याची एक शेड उभी करून दिली. उन्हाळ्यात ती इतकी तापली की मुलींना पुन्हा व्हरांड्यात बसवावं लागलं. हे बाईंनी फोनवर सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, पण सांगितलं.

फाटकाशी आता मी खरं तेच सांगते. एक जुनं गिऱ्हाईक त्यापायी सुटलंही. ऐकणारे काही हळहळतात. काही जण, बाप एवढा दाता आणि पोरगी बहाणे सांगते, असं म्हणत निघून जातात.