काळ की कळ

आमच्या ऑफिसात इंग्रजी नावं ठेवायला बंदी होती. देशाभिमान वगैरे काही नाही हो. ज्या भाषेत आम्ही प्रोग्रॅम लिहायचो, ती आधी सी भाषेत उतरायची आणि मगच यंत्राच्या चिपमध्ये जायची. प्रोग्रॅममधल्या वस्तूचा एखादा गुणधर्म, म्हणजे वेळ, तापमान असं काही, जाहीर करताना त्याला ‘टाइम’ नाव दिलं, की सीमधल्या मूळच्या ‘टाइम’शी त्याचं भांडण लागायचं. म्हणून साहेबांनी नियम केला, नावं मराठी ठेवायची, फक्त लिहायची रोमन अक्षरांत.

कॉम्प्युटरचं वारं पुण्यात नुकतंच शिरलं होतं. मी मूळची टायपिंगवाली. शेजारच्या टेबलावर बघून बघून शिकले. शिकवलं कुणी नाही, हाकललंही कुणी नाही. ऑफिस म्हणजे कसब्यातली दोन खोल्यांची जागा, खाली दिवसभर तांब्याची ठोकाठोक.

आम्ही करत होतो ती वाफेची पेटी. ऑपरेशनची हत्यारं आत ठेवायची, वाफेने जंतू मारायचे. पहिली पेटी चाचणीला गेली ती माझ्याच ओळखीने, माझ्या लेकीचं बाळंतपणासाठी नाव जिथे घातलं होतं त्या प्रसूतिगृहात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तुम्ही केलंय ना? मग ठेवा.” मी दोन दिवस हवेत होते.

आता गंमत ऐका. गुणधर्म जाहीर केला, की आमची भाषा सीमध्ये त्याची दोन फंक्शन्स, म्हणजे छोटे हुकूम, आपोआप तयार करायची, एक किंमत वाचणारं, एक बदलणारं. ती तयार झालेली सी वाचायची मला सवय, भाजी निवडल्यासारखी. त्या सकाळी वाचता वाचता दिसलं, के-ए-एल नावाच्या गुणधर्माची किंमत बदलणाऱ्या फंक्शनला कुणीतरी ‘एक’ देऊन ठेवलाय.

नागपूरहून नवीन आलेली मुलगी शेजारीच बसायची. “हे तू लिहिलंस का गं?”

“हो काकू. कळ आहे ना ती? दार लागलं की कळ चालू. एक म्हणजे चालू.”

“कळ? अगं, काळ आहे तो! वाफ किती मिनिटं द्यायची तो काळ!”

“मग तसं लिहा ना काकू! मला काय माहीत?”

तिचं तरी काय चुकलं? रोमनमध्ये काळही के-ए-एल आणि कळही के-ए-एल. गुणधर्म आकड्याचा म्हणून जाहीर केलेला, आणि सीच्या लेखी ‘चालू’ हासुद्धा आकडाच. कुणी हरकतच घेतली नाही. आदल्या दिवशी साहेब हाच प्रोग्रॅम पेटीत बसवून आले होते. म्हणजे पेटी अर्ध्या तासाऐवजी एक मिनिट वाफ देऊन हिरवा दिवा लावत होती. पाणी तापायला वेळ लागतोच, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला काही कळलंही नसतं.

मी फोनकडे हात नेला, तर तो आधीच वाजला. जावई होते. “आई, अहो, तारखेची वाटच नाही बघितली! सकाळी अचानक सिझर करावं लागलं. मुलगी झाली. दोघी छान आहेत.”

“मुलगी झाली?” एवढंच मी म्हटलं, आणि पेटीचं सांगायच्या आत साहेब ओरडले, “बर्फी मागवा!” मी जावयांना विचारलं काय, तर “हत्यारं कुठल्या पेटीतली होती?”

“काय म्हणालात, आई?”

फोन तसाच ठेवला आणि प्रसूतिगृहाकडे पायीच धावत सुटले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, त्यानेच मी जास्त घाबरले. “पेटी तुमचीच होती. आता काय करू, टाके उसवू?” मग सिस्टरना बाकीचे ट्रे जुन्या यंत्रात टाकायला सांगितले, लेकीची औषधं वाढवली. “ताप येतो का बघा. आला तर माझ्या सवडीची वाट बघू नका.”

खरी भीती आठवड्याने लेक बाळाला घेऊन आमच्या घरी आल्यावर. बाळंतिणीची खोली म्हणजे खाटेखाली शेगडी, खिडक्या बंद, कानाला रुमाल. कपाळ गरम लागणारच! पण ही शेगडीची ऊब की आतला ताप, ते कसं ओळखायचं? थर्मामीटरचाही भरवसा वाटेना. दर थोड्या वेळाने मी आपली हात लावून बघायची. लेकीला काही सांगितलं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगू?

शेवटी शेगडी उचलली आणि गॅलरीत नेऊन ठेवली. माझ्या सासूबाई कडाडल्या, “शेक बंद? उद्या हिची कंबर धरली म्हणजे? कॉम्प्युटर शिकलीस म्हणून बाळंतपणंही शिकलीस वाटतं!”

मी खिडकी उघडली आणि खोली निवायची वाट बघत बसले. पाळण्यातली नात कुरकुरली, पुन्हा गप्प झाली. लेकीच्या कपाळावर हात ठेवायला धीर होईना. मग ठेवला. गार लागलं. विश्वास बसेना, म्हणून दुसरा हात ठेवला.

“आई, दोन-दोन हात कशाला गं?” ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपी गेली.