पोलादी वखारीवर मष्णूची बिडी

बेळगुंदीच्या मष्णूला एकवेळ भाकरी नसली तरी चालायचं, पण बिडीवाचून त्याचं पान हलत नसे. भावाशी भांडून, "तुझी शेती तुला लखलाभ, मी आता लोखंडी इमारती उभारणार!" असं गावभर गर्जून तो निपाणीला आला होता. कामाविना परतला असता तर जन्मभर टोमणे खावे लागले असते. आणि काम कुठं मिळावं बाबाला? तंबाखूच्या नव्या वखारीवर! आगबोटीनं विलायतेहून आलेलं पोलाद, त्याचा सगळा सांगाडा; आणि मुकादम आण्णाप्पाचा हुकूम असा, की कामावर जो बिडी ओढील तो त्याच पावली घरी जाईल.

"वरती कोण बघतंय?" म्हणत मष्णू खांबाच्या टोकावर जाऊन बसायचा. त्या दिवशी छपराची लोखंडी कैची, म्हणजे छत पेलणारी तिकोनी चौकट, दोरावर लटकत होती, खांबांच्या वीतभर वर. खाली दोर धरून होते धारवाडाकडचे गडी. त्यांना मराठीचा गंध नव्हता. कैची काही केल्या बोल्टाच्या भोकांवर येईना. मष्णूला आली तलफ. मुकादम पाठमोरा बघून त्यानं खाली उभ्या सोबत्याला, भावकूला, हाळी दिली, "बिडी रंऽ!"

अहो, कानडीत 'बिडरी' म्हणजे 'सोडा'! गड्यांनी दिला दोर सोडून. धाडदिशी कैची खाली आली नि बरोब्बर भोकांवर बसली. मष्णू खांबाला मिठी मारून बसला होता.

"भले शाब्बास!" आण्णाप्पा ओरडला. "लई नेमका हुकूम दिलास की रं! आजपासनं दोर सोडायला तूच सांगायचंस."

झाली का पंचाईत! दुसरी कैची चढली. ह्या खेपेला वर भावकू, त्याची बोटं भोकापाशी. गडी मष्णूच्या तोंडाकडं बघत उभे. खरं सांगावं तर काम जातंय, न सांगावं तर भावकूची बोटं.

"आप्पा, दोर बांधून टाका!" मष्णू रडवेला होऊन मुकादमाला म्हणाला. "मला ह्यातलं काय बी कळत न्हाय. मघा मी वढायची बिडी मागितलती."

दोर बांधला. आण्णाप्पा लालबुंद. "चल, उचल तुझं गबाळं!"

मष्णूचा चेहरा बघून दोरवाल्यांचा म्होरक्या कळवळला. हात जोडून मुकादमाला म्हणाला, "होगली बिडरी!" म्हणजे, जाऊ द्या, सोडा.

आणि आमच्या मष्णूनं काय करावं? गबाळं खाली ठेवलं आणि बिडी घ्यायला हात पुढं केला! त्या हाताकडं बघून आण्णाप्पा असा काही हसत सुटला, की मष्णूला कामावरनं काढायचं राहूनच गेलं.